शूळाचं ऑपरेशन झालं, घोडा उभा राहिला. आता पोटात काय चाललंय ते ओळखायचं कसं?

पागेकरी
शूळाचं (घोड्याच्या पोटदुखीचं) ऑपरेशन होऊन घोडा भुलीतून उठला की पागेत पेढे वाटायची घाई होते. सर्जन मात्र पेढा हातातच धरून बसतो, कारण खरी धाकधूक पुढच्या आठवड्याची. आतडं पुन्हा पिळलं, कापून जोडलेल्या ठिकाणी (जोडाशी) अडलं, आतड्यांनी कामच थांबवलं, पोटात पू झाला, आतल्या आत रक्त गेलं, यातलं काहीही झालं तरी बाहेरून चित्र बहुतेक एकच दिसतं: मान खाली, नाडी वाढलेली, वैरणीकडे पाठ.

प्रश्न असा की पोटात बिघाड होतोय हे ओळखायची खात्रीची एक तपासणी कोणती? काही ठिकाणी पोटाचं पाणी (आतड्यांभोवतीचा द्रव) सुईने दिवसाआड काढतात, काही ठिकाणी सुईला हातच लावत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोटाचं पाणी काढा, पेशी मोजा. मायक्रोलिटरला १०,००० च्या वर गेल्या की पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचा दाह). विषय संपला.

नाडीपरीक्षा
विषय संपला नाही, इथूनच सुरू झाला.
१०,००० चा आकडा न कापलेल्या पोटाचा आहे. निरोगी घोड्याचं पोटाचं पाणी फिकट पिवळं, पारदर्शक, पेशी ५,००० च्या आत आणि प्रथिनं डेसिलिटरला २.५ ग्रॅमच्या खाली. पण पोट उघडून आतडी हाताळली की सगळं व्यवस्थित झालेल्या घोड्यातही चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पेशी ४०,००० च्या पुढे जाऊ शकतात. प्रथिनंही दुप्पट होतात. या हिशोबाने ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घोड्याला पेरिटोनायटिस ठरवावा लागेल.
उलटही होतं. पोट मिटताना कित्येक लिटर सलाइनने धुतलं असेल तर पहिल्या दिवशी आकडा फसवा कमी येतो.

लगामतोड
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न माझ्यासाठी. ऑपरेशनवाल्याला देऊ नका.)

उलटी_नळी
पाण्याचं भांडण नंतर करा. नाडी ६० च्या वर आणि घोडा मलूल असेल तर पहिलं काम म्हणजे नाकातून जठरात नळी. ही तपासणीही आहे आणि जीव वाचवणंही. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत दाब वाढला तर जठर फुटेल, पण ओकारी येणार नाही. साधारण ४५०-५०० किलोच्या घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं. लहान आतड्यातलं पाणी पुढे सरकलं नाही की ते मागे जठरात साठत जातं, यालाच रिफ्लक्स म्हणतात.

नळी घातली आणि काही आलं नाही म्हणजे जठर रिकामं, असं कृपया वहीत लिहू नका. सायफन धरावा लागतो. नळीत लिटरभर कोमट पाणी सोडायचं, टोक पटकन जठराच्या पातळीखाली बादलीत न्यायचं. तरी येत नसेल तर नळी वीतभर मागेपुढे करून पुन्हा. निदान दोन-तीनदा. नळीच्या टोकाला बाजूनेही भोकं असलेली बरी, एकच भोक असेल तर ते चाऱ्याने बुजतं.

बादलीत जमलं त्यातून आपण घातलेलं पाणी वजा करायचं. उरलेलं २ लिटरपर्यंत असेल तर घाबरू नका. एका वेळी ४ लिटरच्या वर किंवा २४ तासांत २० लिटरच्या वर गेलं की आतडी चालत नाहीत हे धरून चाला, आणि दर २ ते ४ तासांनी नळी.

लगामतोड
वजाबाकी न करता वहीत आकडा चढवणाऱ्या रात्रपाळीमुळे आजवर किती घोड्यांना 'रिफ्लक्स' झाला असेल, देव जाणे.

मोतद्दार
डॉक्टर लोकांनी एक ध्यानात घ्यावं. नळी घालायच्या आधी घोडा कसा उभा होता आणि नंतर कसा, हे मोतद्दाराला विचारा. चोवीस तास समोर तोच असतो.

कोलनकर्ता
+१ मोतद्दार. निम्मं निदान तिथेच होतं. पाणी परत येण्याची मुख्य कारणं दोन.

पहिलं, आतड्यांचा संप. लहान आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांत जास्त, सुरुवात बहुधा पहिल्या दिवस-दीड दिवसात. रस्ता मोकळा असतो, गाडी चालत नाही. अशा घोड्याचं जठर रिकामं केलं की त्याला आराम पडतो, नाडी ७० वरून ५० वर येते, घोडा मलूल राहतो पण पाय आपटत नाही. दोनेक तासांनी पुन्हा भरतं.

दुसरं, खरा अडथळा. जोड सुजून अरुंद झाला, जोडाशी चारा अडकला, आतडं मुडपलं किंवा पुन्हा पिळलं. इथे १० लिटर काढले तरी घोडा कुशीकडे बघतच राहतो, खुराने जमीन उकरतो. नाडी उतरत नाही. रिकामं करूनही कळ थांबली नाही तर पोट पुन्हा उघडायची चर्चा त्याच दिवशी. आणि कळ नाही, पण ४८ तास होत आले तरी पाण्याचं प्रमाण कमी होत नाही, तेव्हाही.

आधीचं ऑपरेशन काय होतं हे कागदावर बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका. लहान आतडं लहान आतड्याला जोडलंय की थेट सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला), यात मोठा फरक आहे. सीकमला जोडलेल्यांत नंतरची पोटदुखी जास्त बघायला मिळते. आणि नुसतं कोलन (मोठं आतडं) सरळ करून ठेवलेल्या घोड्याला भरपूर रिफ्लक्स यायला लागला तर संपावर बोट ठेवून बसू नका, लहान आतड्यात वेगळं काहीतरी शोधा.

हरभरे_झाड
प्रश्न बाळबोध असेल, पण कुशीला कान लावून गुडगुड ऐकू आली तर आतडी चालू असं समजायचं ना?

कोलनकर्ता
नाही. गुडगुड म्हणजे हालचाल. पुढे सरकणं वेगळं. अडथळ्याच्या मागचं आतडं सुरुवातीला उलट जोरात आवाज करतं. आवाज पूर्ण बंद होणं ही वाईट खूण आहे, आवाज येणं ही चांगली खूण नव्हे. लीद पडली तरीही तसंच. ऑपरेशनच्या आधी मोठ्या आतड्यात जे होतं तेच पहिले एक-दोन दिवस बाहेर येतं. लहान आतडं अडलेलं असतानाही लीद पडू शकते.

सोनोबाई
नळी झाली की लगेच सोनोग्राफी. २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब आणि भरपूर स्पिरिट. केस भादरायला वेळ नसेल तर स्पिरिटनेही चित्र येतं.

डाव्या बाजूला प्लीहेच्या आतल्या अंगाला जठराची गोलाई दिसते. ती पाचपेक्षा जास्त बरगड्यांच्या फटींत पसरली असेल तर जठर फुगलेलं आहे, आणि आधी नळीतून काही आलेलं नसेल तर नळी नीट बसलेली नव्हती.
उजवीकडे शेवटच्या बरगड्यांच्या फटींत, मूत्रपिंडाच्या खालच्या अंगाला ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग). मिनिटभर प्रोब हलवू नका, नुसतं बघत राहा. आकुंचन येऊन मिटतंय का?
मग पोटाच्या तळाला आणि जांघेकडे लहान आतड्याची वेटोळी. भिंत ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५ सेंटिमीटरच्या वर व्यास, गोल, टणक, न हलणारी वेटोळी म्हणजे तणावाखालची.

संप आणि अडथळा यांत फरक करायचा तर सगळी वेटोळी एकसारखी आहेत का ते बघा. संपात बहुतेक सगळी थोडीथोडी फुगलेली, आळसावलेली असतात, आत चारा तळाला बसून वर पाणी दिसतं. अडथळ्यात दोन जाती दिसतात: काही टम्म, काही मिटलेली. कुठेतरी दोघांची सीमा आहे, तिथेच घोटाळा.

मोठ्या कोलनची भिंत ९ मिलिमीटर किंवा जास्त असेल, नाडी चढती आणि कळ जोरात, तर कोलन पुन्हा पिळल्याचा संशय घ्यायचा. पण पहिल्याच ऑपरेशनमध्ये पीळ सोडवला असेल तर भिंत आधीचीच सुजलेली असते. म्हणून ऑपरेशन संपल्यावर काही तासांत एकदा मापं घेऊन ठेवा. तुलना त्याच्याशी. एरवीच्या तक्त्याशी नाही.

टाक्यांच्या आसपास कातडीखाली हवा शिरलेली असते, पोटातही थोडी उरते, ती काही दिवस टिकते. वरच्या भागात नुसतं पांढरं दिसलं म्हणून 'आतडं फुटलं' अशी बोंब ठोकू नका.

पागेकरी
म्हणजे पोटाचं पाणी काढायचंच नाही?

तिसरा_टाका
काढूच नका असं मी तर म्हणतो. फुगलेली आतडी पोटाच्या तळाला टेकलेली, वरून सुई. आतडं टोचलं की बरा होणारा घोडा आपण बिघडवला. आणि हाती काय, तर वर सांगितलेले बेभरवशाचे आकडे.

नाडीपरीक्षा
@तिसरा_टाका, इतकंही टोकाला जाऊ नका. रोज उठून सुई लावू नये, मान्य. पण घोडा उतरणीला लागलाय आणि कारण सापडत नाही, तिथे पाणी हवंच. फक्त पेशी मोजून थांबायचं नाही.

जागा: सोनोग्राफीत पाण्याचं डबकं शोधून तिथेच. टाक्यांची रेघ सोडून, मधोमध रेषेच्या उजवीकडे, कारण डावीकडे प्लीहा. ऑपरेशननंतर पोटाला खालून सूज असते, त्यामुळे नेहमीची दीड इंची सुई पोचतच नाही आणि 'पाणी नाही' असा शेरा पडतो. साडेतीन इंची स्पायनल सुई घ्या किंवा स्थानिक भूल देऊन गाईच्या थानात घालतात ती बोथट नळी.

बघायचं काय? आधी रंग आणि वास. मग सूक्ष्मदर्शकाखाली काच. पेशी किती यापेक्षा कशा दिसतात: फुगून विरघळत चाललेल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांच्या पोटात जिवाणू असतील तर वाद मिटला. हिरवट पाणी, वनस्पतीचे तंतू, नाना जातीचे जिवाणू, पण पेशी जवळपास नाहीत, तर बहुधा सुई आतड्यात गेली होती. तेच सगळं भरपूर सडक्या पेशींसकट असेल तर आतडं खरंच फुटलंय.

मग साखर. पोटात जिवाणू असतील तर ते आणि पेशी मिळून साखर खातात. रक्तातली साखर पोटातल्या साखरेपेक्षा डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमहून जास्त असेल, किंवा पोटातली ३० च्या खाली आणि सामू ७.३ च्या खाली, तर जिवाणूंचा पेरिटोनायटिस धरून उपचार सुरू करा. कल्चर (जिवाणू वाढवून बघायची तपासणी) मागाहून येईल. ते निगेटिव्ह आलं तरी फार हायसं वाटून घेऊ नका, अँटिबायोटिक आधीपासून चालू असतं.

तिसरा_टाका
साखरेचा मुद्दा पटला. पण दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच यंत्रावर. नळीत तासभर ठेवलेल्या पाण्यातली साखर त्यातल्याच पेशी फस्त करतात. आणि झायलझीन देऊन घोडा शांत केला असेल तर रक्तातली साखर औषधानेच चढलेली असते, फरक खोटा मोठा दिसतो. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) चालू असेल तरी तेच.
ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत दोनच थेंब पाणी टाकलं तर प्रथिनं खोटी जास्त येतात, तेही सांगून ठेवतो.

उलटी_नळी
औषधांचा विषय निघालाच आहे तर नाडीचंही. बुस्कोपॅन (आतडी सैल करणारं औषध, किलोला ०.३ मिलिग्रॅम) देऊन गुदमार्गे हात घातला आणि मग नाडी मोजली, तर पुढचा अर्धा तास ती औषधाची नाडी असते. झायलझीननंतर उलट, नाडी खोटी कमी. म्हणून क्रम: नाडी, ताप, हिरड्या, मग शामक, मग बाकी सगळं.
सगळ्यात मोठी फसवणूक फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाची. किलोला १.१ मिलिग्रॅम दर १२ तासांनी चालू असतं, ताप दबतो, सौम्य कळ दबते. ताप कायम डोसच्या आधी मोजा. औषध चालू असूनही कळ दिसते म्हणजे ती कळ मोठी आहे.

बाराखुरी
अवांतर: तुम्ही सगळे शूळ, कळ, पोटदुखी असं मिसळून लिहिताय. आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला शालिहोत्री असा सुरेख शब्द होता. आता फक्त 'व्हेट'.

लगामतोड
अतिअवांतर: शालिहोत्री म्हटलं तरी बिल तेवढंच येणार.

हरभरे_झाड
आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी, काठेवाडी घोडे येतात. रेसकोर्सच्या घोड्यांचे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू का?

कोलनकर्ता
नाडी, ताप, रिफ्लक्सचं गणित तेच, लिटर मात्र अंगाच्या मानाने. ३०० किलोच्या घोड्याला ४ लिटर म्हणजे ५०० किलोच्याला साडेसहा. रक्तात फरक पडतो: थरोब्रेडच्या (रेसच्या जातीच्या) तांबड्या पेशींचं प्रमाण मुळात जास्त असतं. थरोब्रेडला जो आकडा बेताचा वाटेल, तोच दुसऱ्या जातीच्या घोड्यात पाणी कमी झाल्याचं लक्षण असू शकतो. घोड्याचा स्वतःचा आधीचा रिपोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं.
तट्टं आणि गाढवं असतील तर उपाशी ठेवल्यावर रक्तातली चरबी तपासा. सीरम दुधाळ दिसलं तर मलूलपणाचं कारण पोटात नसून उपासात आहे.

बाराखुरी
आणि माथेरानच्या घोड्यांना हे सगळं लांबच. वर गाडी नेता येत नाही, शूळ उठलेला घोडा दस्तुरी नाक्यापर्यंत चालवतच उतरवायचा, मग पुढे ट्रक. टेबलावर पोचेपर्यंत किती तास गेले हे ऑपरेशननंतरच्या फाइलवर पहिल्या ओळीत लिहायला हवं. आतडं जितका वेळ अडकलेलं, तितका पुढे संप आणि चिकटण्याचा धोका.

सोनोबाई
रक्तस्रावाचं कुणी लिहिलं नाही. पहिल्या दिवसात नाडी चढते, हिरड्या पांढुरक्या, घोडा कधी घामाघूम, कळ फारशी नाही. तांबड्या पेशींचं प्रमाण बघून 'रक्त ठीक आहे' म्हणाल तर फसाल. प्लीहा आकुंचून राखीव पेशी सोडते, त्यामुळे तो आकडा कित्येक तास तसाच दिसतो. प्रथिनं आधी उतरतात. म्हणून दर ४ ते ६ तासांनी दोन्ही. सोनोग्राफीत धुरासारखं भोवरे घेत फिरणारं पाणी दिसलं की ते रक्त.
सुईने रक्त आलं तर? त्यातलं तांबड्या पेशींचं प्रमाण शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असेल तर सुई प्लीहेत गेली. न गोठणारं, प्लेटलेट नसलेलं रक्त म्हणजे आधीपासून पोटात साठलेलं.
कोलनला चीर देऊन रिकामं केलं असेल तर रक्त पोटात न जाता आतड्यात जातं, आणि १-३ दिवसांनी लिदेत गाठी दिसतात. तेव्हा लीद फेकण्याआधी फोडून बघा.

मोतद्दार
लीद फोडून बघायचं काम आमच्याकडे न सांगता होतं. पातळ लीद आली तर?

नाडीपरीक्षा
एखाद-दोनदा पातळ, घोडा खातोय, ताप नाही, तर वाट बघा. पातळ लीद, ताप आणि पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असं एकत्र आलं तर तो कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह), आणि साल्मोनेला नाही असं सिद्ध होईपर्यंत साल्मोनेलाच धरायचा. घोडा वेगळा बांधा, बादली, फावडं, थर्मामीटर वेगळं, तपासणी सगळ्यात शेवटी. एका नमुन्याच्या निगेटिव्ह कल्चरवर घोडा मोकळा करू नका, पाच नमुने वेगवेगळ्या वेळी घेतात. लीद पातळ व्हायच्या आधीच ताप आणि पेशींची घसरण दिसते, म्हणून पेरिटोनायटिस आणि कोलायटिस यांत या टप्प्यावर गल्लत होते. सोनोग्राफीत कोलनची भिंत जाड, आतला ऐवज पाण्यासारखा हलणारा, तर माप कोलायटिसकडे झुकतं. खुरांची नाडीही दिवसातून दोनदा हाताला लावा, लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या भागाचा दाह) याच वाटेने येतो.

बाराखुरी
एसएए (सीरम अमायलॉइड ए, दाह असला की रक्तात चढणारं प्रथिन)? हल्ली सगळे तेच सांगतात.

नाडीपरीक्षा
कामाचं, पण एकटं नाही. निरोगी घोड्यात लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असतं. कापाकापीनंतर प्रत्येकात शेकड्यांनी चढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर. तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागलं पाहिजे. उतरलं नाही किंवा उतरून परत चढलं, तर कुठेतरी जंतूंचं घर आहे. कुठे, ते एसएए सांगत नाही. फायब्रिनोजेन (असंच रक्तातलं दुसरं प्रथिन) त्याहून सावकाश हलतं, चढायलाही आणि उतरायलाही.

तिसरा_टाका
आठवड्यानंतरचंही थोडं. घोडा घरी गेला, आणि दर वेळी वैरण वाढवली की तासा-दोन तासांत हलकी कळ, उपाशी ठेवलं की बरा. हे आतडी एकमेकांना चिकटल्याचं ठरलेलं चित्र. बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. शिंगरं आणि तट्टं यात पुढे. सोनोग्राफीत एखादं वेटोळं कायम एकाच जागी, पोटाच्या भिंतीला धरून, श्वासाबरोबर न सरकणारं सापडलं तर संशय पक्का. खात्री मात्र कॅमेरा घालून किंवा पोट उघडूनच.

पागेकरी
बरं, माझी १०,००० ची पाटी मी उतरवून ठेवली. एकच तपासणी हा प्रश्नही मागे घेतो. पण नवशिक्याने काय करायचं? समजा पाचवा दिवस. ताप १०२ फॅरनहाइट, नाडी ४८, रिफ्लक्स नाही, लीद चांगली, निम्मी वैरण खाल्ली. सोनोग्राफी कुठून सुरू करू?

सोनोबाई
पोटाच्या आतून नाही. आधी पोटाचा पट्टा सोडा आणि टाक्यांवरून हात फिरवा. एका जागी गरम, दाबल्यावर घोडा पोट आखडतो, तर तिथेच प्रोब लावा. कातडीखाली पाण्याचा कप्पा दिसेल. पू फुटायला अजून दोन-चार दिवस असतात, ताप आधी येतो. गुलाबी पाणी अचानक भरपूर गळायला लागलं तर मात्र टाके आतून सुटतायत का ते तातडीने बघा.

उलटी_नळी
आणि त्याहीआधी मान. शिरेतली सलाइनची नळी पाच दिवसांची झाली असेल तर ती शीर दोरीसारखी कडक लागते का, गरम आहे का, बोटाने दाबल्यावर वर भरते का. ऑपरेशननंतरच्या तापाचं खापर पोटावर फुटतं, आणि चोर गळ्यात बसलेला असतो.

मोतद्दार
दोन्ही बाजूंची मान बघा. तिसऱ्या दिवशी नळी बदललेली असते, आणि जुन्या बाजूकडे मग कुणी फिरकत नाही.